संताजी बटलरचं नाक

एग्मोरच्या रूसेल साहेबांच्या बंगल्यावर संताजीनं वीस वर्षं फ्रेंच वाइन वाढली, आणि एक थेंब कधी जिभेला लावला नाही! हसू नका. तंजावर सोडताना आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली होती त्यानं. न चाखता पारख करायची विद्याही आईचीच. नैवेद्याआधी चाखायचं कसं? ती उकळत्या साराचा वास घेऊन म्हणायची, "मीठ बरोबर आहे." आणि ते असायचंच बरोबर.

सत्तावन्न साली साहेब मोठ्या तापातून उठले आणि त्यांना वास यायचाच बंद झाला. वास गेला तशी चवही गेली. पण पाहुण्यांना वाढण्याआधी यजमानानं घोट घेऊन मान डोलवायची, ही त्यांच्याकडची रीत. साहेबांची अब्रू संताजीनं राखली. आडोशाला तो वास घ्यायचा. साहेबांशी खूण ठरलेली: नॅपकिन उजव्या हातावर असला तर वाइन उत्तम, डाव्यावर असला तर बिघडलेली. वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही.

मग साहेब कायमचे फ्रान्सला निघाले. आदल्या दुपारी सगळं सामान बांधून झालं, एक बाटली तेवढी उरली. साहेबांच्या लग्नाच्या सालची, अठ्ठावीसची. मॅडमनं ती मुद्दाम माहेराहून मागवली होती, म्हातारपणी दोघांनी मिळून प्यायची म्हणून. पण मॅडम किलपॉकच्या दफनभूमीत विसावून सहा वर्षं झाली होती.

गाळ तळाशी बसावा म्हणून संताजीनं बाटली दोन दिवस उभी ठेवली होती. बूच अलगद काढलं, बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरून वाइन सुरईत ओतली आणि गाळ दिसताच हात थांबवला. दोन पेले भरले. एक साहेबांपुढे ठेवला, दुसरा मॅडमच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

साहेबांनी घोट घेतला. "आंबट पाणी! तीस वर्षं सांभाळली रे संताजी, आणि आता मला ती कळतच नाही." बोलता बोलता ते मुलासारखे रडू लागले. संताजीला वाटलं, हा माणूस असा कोरडा परत जाणार?

"थांबा साहेब. जुन्या वाइनला जागं व्हायला वेळ लागतो." त्यानं साहेबांचा पेला नाकाशी नेला. "मनुका... थोडी तंबाखू... ओली पानं. आणि आता बघा, जुनं लाकडी कपाट. आत रेशमाच्या घड्या."

साहेबांनी डोळे मिटून घोट घेतला. "तिच्या आईचं कपाट! लहानपणी त्यात लपायची ती." मग घोटागणिक ते विचारत गेले, संताजी सांगत गेला. पेला रिकामा झाला तेव्हा साहेब हसत होते.

त्यांनी दुसरा पेला पुढे सरकवला. "ही तिच्या वाटची. तू घे."

अगं आई गं! संताजी दोन पावलं मागे सरला. मग त्याची नजर खुर्चीकडे गेली. पेला मॅडमपुढे ठेवलेला होता. नैवेद्य दाखवून झाला होता, आता उरला तो प्रसाद. आणि प्रसादाला नाही म्हणायला आईनं कधीच शिकवलं नव्हतं.

त्यानं उजवा तळवा खोलगट केला, चार थेंब त्यात घेतले, तीर्थासारखे प्राशन केले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

संताजी म्हणाला, "मीठ बरोबर आहे, साहेब."