बावन्न सीटांची फॅमिली ट्रिप

माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्याचा पुरावा अख्ख्या वस्तीनं बसमध्ये बसून पाहावा, अशी काही माझी इच्छा नव्हती. तरी तो पाहिला गेला. तुम्ही चहा घ्या, मी सगळं पहिल्यापासून सांगतो.

आम्ही निमगाव सावाच्या बाहेर, शेतातल्या वस्तीवर राहतो. पाच घरांची वस्ती. आमच्या घरात मी, मनीषा आणि दोन पोरं, सिद्धी आणि ओम. गोठ्यात चार गाई. आता गाईवाल्या माणसाला विचारा, नवरा-बायको मिळून कुठं जातात का? एकजण लग्नाला गेला की दुसऱ्यानं धारेला थांबायचं. बारा वर्षांत आम्ही दोघं एकत्र गेलो ते जेजुरीला, आणि तेही लग्नाच्या पाचव्या दिवशी. त्यानंतर पाहुण्यारावळ्यांत जेवढी लग्नं झाली, त्यातल्या प्रत्येक फोटोत एकतर ती आहे, नाहीतर मी.

तर पोरांनी मोबाईलवर ते घाटाखालचं मोठं पार्क दाखवलं. आभाळातून खाली येणारी गाडी, पाण्याच्या घसरगुंड्या, खोट्या लाटा. पोरं महिनाभर मागं लागली. शेवटी मनीषा म्हणाली, "जाऊ. पण चौघं. मी एकटी पोरांना घिऊन जाणार न्हाई, आन तुमालाबी एकट्याला जाऊ देणार न्हाई. एक दिवस तरी आपण चौघं मिळून कुठंतरी जाऊ."

खरं सांगतो, मला भरून आलं. मी त्याच दिवशी सिद्धीची जुनी वही घेतली आणि यादी करायला बसलो. पोरांची उंची दाराच्या चौकटीला लावून मोजली, कारण म्हणे उंची कमी भरली तर मोठ्या गाडीत बसू देत नाहीत. ओम टाचा वर करून उभा राहिला. मी ते बघितलं नाही असं दाखवलं.

राहिला गाईंचा प्रश्न. सकाळचं दूध काढून निघता येतं हो, पण संध्याकाळची धार? शिवाय वासरं दिवस मावळायच्या आत कोंडायला माणूस पाहिजे, कारण शेजारच्या उसात बिबट्या कायमचा राहायला आहे. त्याच्यावर उपाय म्हणजे भिकूमामा. मामा मूळचे आहुप्याचे, पण पंधरा-वीस वर्षं वस्तीच्या टोकाच्या खोलीत एकटेच राहतात. कुणाचं अडलं की मामा धार काढतात, आणि त्यांच्या हाताला कुठलीही गाय पान्हा सोडते. मामा लगेच हो म्हणाले.

मनीषानं फक्त एक अट घातली. "जाईपर्यंत कुणाला बोलायचं न्हाई."

"मी कशाला बोलतोय?" मी म्हणालो.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला पाहिजे. कुणी विचारलं, कुठं निघाला, तर नुसतं ठिकाण सांगून पुढं जाणं बरं दिसत नाही. 'चला की' म्हणायचं असतं. मग समोरच्यानं 'व्हा तुमी पुढं' म्हणायचं. दोघांचाही मान राहतो आणि कुणी कुठं जात नाही. मी एकदा दाढ काढायला निघालो होतो, तेव्हासुद्धा तीन जणांना चला की म्हणालो होतो. तिघंही व्हा पुढं म्हणाले.

डेअरीवर शेजारचे सोपानतात्या भेटले. माझ्या हातात यादीची वही.

"काय रं संतोष, काय लिवतोय?"

"काय न्हाई तात्या, पोरांना जरा पार्कात न्यायचंय रविवारी. चला की."

तात्यांनी कॅन खाली ठेवला. "येऊ की. तुझ्या काकूला लई दिवस झालं कुठं नेलं न्हाई. पण आमच्या गाईंचं कसं?"

तिथंच मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण एकदा चला की म्हटल्यावर माघार कशी घेणार? मी म्हणालो, "त्याची काळजी न्हाई. माणूस हाये आपला."

संध्याकाळपर्यंत काकूंनी ते पलीकडच्या घरात सांगितलं. ते लोक चौकशीला आले. मी त्यांनाही म्हणालो, चला की. मी प्रत्येक वेळी समोरच्याच्या 'व्हा पुढं'ची वाट बघत होतो आणि प्रत्येक वेळी समोरचा गाईंचं विचारत होता. दाढ काढायला कुणी येत नाही, पण पार्कला कोण नाही म्हणणार? तात्यांची खोडदला दिलेली लेक तर तिच्या सासू-सासऱ्यांसकट तयार झाली. त्यांना मी काही बोललोसुद्धा नव्हतो!

चौघांची जीप ठरवली होती, ती रद्द केली. मग बावन्न सीटांची बस ठरली. मोबाईलवर ग्रुप निघाला, त्यावर भेळेच्या किलोंवरून दोन दिवस वाद झाला. शनिवारी भाकरी थापता थापता मनीषा म्हणाली, "बसमधी निदान चौघांनी शेजारी बसू. ती तरी जागा धरा." मी दोन-दोनच्या जवळच्या सीटांवर टॉवेल टाकायचं कबूल केलं.

रविवारी सहाला बस आली. वस्तीतल्या सगळ्यांनी पहाटेच धारा उरकल्या होत्या. मी टॉवेल टाकले, पोरं बसवली, खाली उतरून माणसं मोजायला लागलो. आणि बघतो तर समोरून भिकूमामा येतायत. पांढराफेक शर्ट, इस्त्रीची टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून पंचा आणि साबणाची वडी डोकावत होती.

"मामा, आवरून कुठं?"

"कुठं म्हंजी? पार्कात. पाण्यात भिजायचं असतंय म्हणं, म्हनून साबण घितला."

"आन धारा?"

"मला वाटलं तुमी दुसरा माणूस बघितला. तुमीच म्हणले ना परवा, चला की मामा."

मला आठवलं. परवा मी मामांना सगळ्या गाईंच्या खोडी समजावून सांगत होतो. त्यांनी विचारलं होतं, लई मोठं असंल का ते पार्क? आणि मी म्हणालो होतो, लई मोठं मामा, चला की. त्यावर मामा नुसते हसले होते. मला वाटलं, हेच त्यांचं व्हा पुढं.

माझा चेहरा बघून मामांना सगळं कळलं. ते म्हणाले, "मंग ऱ्हातो की मी. त्यात काय एवढं." आणि टोपी काढून घडी करायला लागले. ती घडी मला बघवेना. एवढी वर्षं हा माणूस सगळ्यांच्या लग्नकार्यात मागं गोठा सांभाळत थांबलाय, आणि त्याला चला की म्हणायला मीच सापडलो.

"बसा मामा," मी म्हणालो. "मी थांबतो."

मनीषा बसच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "पोरांसाठी जाते मी," आणि आत गेली. माझ्या टॉवेलावर मामा बसले. बस गेली आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी बराच वेळ रस्त्यातच उभा राहिलो.

मग दिवसभर पाच गोठे आणि एकोणीस गाई. दूध काढायच्या मशिननं बऱ्याच गाई उरकल्या. अडली ती तात्यांची गंगी. तिला मशिन चालत नाही, आणि हात लागतो तो फक्त काकूंचा. मामा सोडले तर दुसऱ्या कुणाला ती जवळ येऊ देत नाही. तिनं मला दोनदा लाथ मारली. शेवटी मी दोरीवरचं काकूंचं लुगडं काढलं, शर्टावरनं गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला आणि बसलो. गंगीनं मागं वळून बघितलं आणि गपगुमान दूध दिलं.

नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल आला. मी सवयीनं उचलला. पलीकडं मनीषा होती, तिच्या खांद्यावरून पोरं वाकली होती आणि मागं तात्या, काकू, खोडदचे पाहुणे. सगळे ओलेचिंब.

"पप्पा, तुमी काकूंचं लुगडं का नेसलंय?" ओमनं विचारलं.

काकू म्हणाल्या, "अगं बया, माझं चांगलं लुगडं हाये ते." मनीषा पहिल्यांदा हसली नाही. मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि मला फोनवर नुसतं आभाळ दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गोठ्यात आली. मी विचारलं, कसं होतं. ती म्हणाली, "सगळ्यात बसले. त्या मोठ्या गाडीत तेवढी बसले न्हाई. दोघा-दोघांनी बसायचं व्हतं."

तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला.

"परत जायचंय," ती म्हणाली. "आपण चौघंच. तारीख ठरवलीय मी. मामांनाबी सांगून ठिवलंय, ते थांबणारेत."

"कधी जायचंय?"

"ते तुमाला गाडीत बसल्यावर सांगणार."

मी मामांना गाठलं, पोरांना चॉकलेटं दिली, पण कुणी ताकास तूर लागू देत नाही. तेव्हा गेले तीन आठवडे मी रोज पहाटे इस्त्रीचा शर्ट घालून धार काढायला जातोय.