नाडी आणि बिडी

लेकीच्या घरी, बंगळुरात, आम्हां म्हाताऱ्यांच्या पाळ्या असतात. लेक आणि जावई दोघं आयटीत, त्यामुळे नातीला सांभाळायला काही महिने आम्ही पुण्याहून जायचं आणि काही महिने विहीणबाईंनी नागपूरहून यायचं. आता विहीणबाईंचं नशीबच असं, की पोरीला पहिला दात आला तो त्यांच्या पाळीत. रांगली त्यांच्या पाळीत. पहिला शब्द बोलली तोही त्यांच्याच पाळीत, आणि तो शब्द ‘आजी’ होता. आमच्या वाट्याला काय? लस आणि जुलाब. म्हणून या खेपेला मी निघतानाच यांना बजावलं होतं, “काही झालं तरी पोरगी चालेल ती माझ्यासमोर. मला निदान एवढं एक तरी हवं.”

त्यासाठी पुण्याहून लाकडी पांगुळगाडा घेऊन गेले. रेल्वेच्या डब्यातला प्रत्येक माणूस त्याला एकदा तरी ठेचकाळला आणि पुणेकरांचा उद्धार करून गेला. नातीने त्या गाड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मारतहळ्ळीच्या त्या चकाचक फ्लॅटमध्ये सगळा मुक्काम त्याच्यावर यांचा पंचा वाळत होता.

पोरगी उभी राहायची, हात धरला की तुरुतुरु यायचीही, पण हात सोडायचं नाव नाही. म्हणजे आम्हीही सोडत नव्हतो म्हणा. पडली तर? तिच्या आईने ऑफिसातून येऊन कपाळावरचं टेंगूळ पाहिलं तर? त्यामुळे रोज सकाळी सोसायटीच्या बागेत हे वाकून तिचे दोन्ही हात धरून फिरायचे, आणि मी मागून कंबर धरून फिरायचे. माझी, त्यांची नव्हे.

तिथे समोरच्या फ्लॅटमधल्या एक म्हाताऱ्या बाई बाकावर बसलेल्या असत. सगळे त्यांना अज्जी म्हणत, म्हणून मीही. त्यांना कन्नडशिवाय काही येत नव्हतं आणि मला कन्नडचा गंध नव्हता, त्यामुळे आमचं छान जमायचं. त्या एक म्हणायच्या, मी दुसरंच उत्तर द्यायचे, आणि शेवटी दोघी “सरी, सरी”, म्हणजे ‘बरं, बरं’, करून हसायचो.

एक दिवस अज्जी टाळ्या वाजवून जोरात म्हणाल्या, “नडी! नडी!”

यांनी ऐकलं नाडी. झालं! पोरीला माझ्या हवाली करून हे गर्रकन पाठमोरे झाले आणि पायजमा चाचपू लागले. नाडी जागेवर होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी हे दुहेरी गाठ मारून गेले. अज्जींचं आपलं “नडी, नडी” चालूच. “काय बाई आहे!” हे घरी येऊन म्हणाले. “हिचं सगळं लक्ष माझ्या नाडीवर!” पुढे ती दुहेरी गाठ ऐन वेळी न्हाणीघरात सुटेना, तो तमाशा वेगळा. तो मी सांगणार नाही.

पण खरी ठिणगी पडली ती त्यानंतर. यांच्या हातांकडे बोट दाखवून अज्जी म्हणाल्या, “बिडी! बिडी!”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. यांना कारखान्यात असताना बिडीचं व्यसन होतं. लेक जन्मली तेव्हा सोडली, असं निदान मला सांगण्यात आलं होतं. आणि इथे परमुलखातली बाई चारचौघांत ओरडून सांगतेय!

“खरं सांगा, कुठे ओढता? जिन्यात?”

“अगं, देवाशपथ नाही.”

“मग त्यांना काय स्वप्न पडलं?”

शर्ट हुंगून पाहिला तर बेबी पावडरचा वास. म्हटलं, गडी भलताच मुरलेला दिसतोय. खिसे उलटे केले. एकात गाजराचा तुकडा निघाला, दुसऱ्यात बाहुलीचा पाय. यांनी रागाने जेवण सोडलं आणि मग चिवड्याचा डबा संपवला. मी निकाल देऊन टाकला: उद्यापासून पोरीला हे हात लावणार नाहीत, बागेत मीच तिचे हात धरणार.

तो उद्या म्हणजे आमचा शेवटचा दिवस. परवा यशवंतपूरहून आमची गाडी, आणि त्याच दुपारी विहीणबाई विमानाने हजर. मी पोरीचे दोन्ही हात घट्ट धरून तिला बागेत फिरवत होते आणि मनातल्या मनात देवाला दम देत होते. एवढ्यात अज्जी बाकावरून उठल्या, थेट माझ्यासमोर आल्या आणि माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, “नीवू बिडी!”

मी? बिडी?

“अहो अज्जी, तोंड सांभाळा!” मी कडाडले. “आमच्या माहेरी सुपारीचं खांडसुद्धा कुणी चघळलं नाही! हे बघा, हे बघा हात! दिसतेय कुठे बिडी?” आणि दोन्ही पंजे त्यांच्या नाकासमोर पसरले.

पोरीचे हात सुटले होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. यांच्या आलं. “अगं ए...” एवढंच हे म्हणाले. मी खाली पाहिलं, तर पोरगी माझ्यापाशी नव्हतीच. डुगडुगत, पोट पुढे काढून, आपली आपण अज्जींच्या पदराकडे निघाली होती. गेली, पदर पकडला आणि वळून माझ्याकडे बघून हसली. मी तिथेच फतकल मारून बसले आणि रडले. चारचौघांत, हो.

अज्जींनी माझी मूठ मिटवली, मग एकेक बोट हळूच उघडलं. “बिडी,” म्हणाल्या. मग आपल्या तळहातावर दोन बोटं चालवून दाखवली. “नडी.” सोडा. आणि चाल. यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. नाडी-बिडीच्या दोन्ही खटल्यांतून माणूस एकदम निर्दोष सुटला होता.

पण माझ्या पाळीत! पहिलं पाऊल माझ्याच पाळीत! संध्याकाळपर्यंत मी लेकीला कसं सांगायचं ते घोळवत होते. ती आली, दारातच बूट काढता काढता म्हणाली, “आई, आजही नाही ना चालली? आज ऑफिसात सारखी धाकधूक होती. वाटतं, सगळं माझ्यामागेच होऊन जाईल. दात मी फोटोत बघितला गं.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. पोरीला उचलून हॉलच्या मध्यात उभी केली. “तू तिथेच बस,” लेकीला म्हटलं. आणि हात सोडले.

पोरगी चालली. लेकीने अशी किंकाळी फोडली की जावई कानातलं यंत्र काढून आतल्या खोलीतल्या मीटिंगमधून पळत आला. त्याने लगेच नागपूरला व्हिडिओ कॉल लावला, आणि पोरगी पुन्हा चालली. “बाप्पा! चालून राहिली की हो!” विहीणबाई फोनमध्ये रडायला लागल्या. “पहिलं पाऊल, आणि मले लाइव्ह दिसलं!”

आता मात्र यांना राहवेना. “अहो विहीणबाई, पहिलं तर सकाळीच हिच्या...”

“बिडी हो,” मी म्हटलं.

लेक पोरीला छातीशी धरून हसत होती, रडत होती, तिचे पाय मोजल्यासारखे पुन्हा पुन्हा हाताळत होती. हे माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझा हात धरला. तो मी सोडवून घेतला नाही.