मी पास केलेला जबडा

ही हकीकत सांगायचं मी सात वर्षं टाळलं. आजही टाळलं असतं, पण आमच्या कामोठ्याच्या सोसायटीने पंचविसाव्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढली आणि तिसऱ्या पानावर माझा फोटो छापून खाली लिहिलं, 'शिस्तप्रिय आणि निःस्पृह सचिव'. मजकूर चेअरमनचा आहे. खरं काय ते त्यांना पुरतं माहीत आहे. तेव्हा हे लिहून मी सूड घेतो आहे, त्यांच्यावर आणि त्या फोटोतल्या माणसावरही.

तळोज्याच्या एका कारखान्यात मी तेहतीस वर्षं वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे तपासले. पाइपाचा जोड आतून कसा आहे ते फिल्मवर दिसतं. चीर किंवा पोकळी दिसली की रिजेक्ट. नाहीतर पास, आणि पाकिटावर माझी सही. त्या सहीपुढे कोणी बोलत नसे. रिटायर झालो तरी ती सवय गेली नाही.

सोसायटीच्या तळमजल्यावर एका तरुण डॉक्टरणीने दातांचा दवाखाना थाटला होता. मुलगी जासईची, घरातली पहिलीच डॉक्टर. माझ्या बायकोची दाढ दुखत होती म्हणून डॉक्टरणीने पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून आणायला सांगितला. तो घेऊन आम्ही दोघं गेलो. तिने फिल्म उजेडावर धरली. दाढेचं बोलून झाल्यावर तिचं बोट जबड्याच्या अगदी खालच्या काठावर गेलं.

"काकू, ही पांढरी रेघ बघा. ही जाड आणि सलग पाहिजे. तुमची बारीक झालीय, आतून कुरतडल्यासारखी. पाळी कधी गेली?"

"चाळिशीच्या आतच."

"घरात कुणाचं हाड मोडलेलं?"

"आईचा खुबा. नुसती उठताना पडली होती."

"मग हाडांची घनता मोजून घ्या. साधा स्कॅन असतो, कंबरेचा आणि खुब्याचा. नुसत्या दाताच्या एक्स-रेवरून हाडं ठिसूळ आहेत असं मी म्हणणार नाही. पण शंका येतेय, तर मोजून टाकू."

मी फिल्म तिच्या हातातून काढून घेतली. वर-खाली पाहिली. "कुठाय चीर? आणि दाताचे डॉक्टर कंबर कधीपासून बघायला लागले?"

"चीर नाहीच आहे काका. चीर पडायच्या आधीचं सांगतेय मी."

"तेहतीस वर्षं फिल्म वाचल्यात मी. ही पास आहे."

तेव्हा ती चिडली, आणि चिडल्यावर तिची गावची बोली वर आली. "काका, तो पाईप नाय. मानूस हाय."

बाहेर बाकावर बसलेले दोन पेशंट हसले. बायकोही हसली. तिचं हसणं मला लागलं.

घरी आल्यावर मी एक्स-रेच्या पाकिटावर 'पास' लिहून खाली सही केली. बायको म्हणाली, "अहो, एक स्कॅन तर आहे. करून टाकू ना."

"माझ्यापेक्षा त्या पोरीला जास्त कळतं का?"

तिने परत विषय काढला नाही. आमच्या घरात कोणत्या दवाखान्यात जायचं आणि कधी, ते मी ठरवायचो. माझ्या धंद्यातही मला सबब नव्हती. अनोळखी धातूची फिल्म वाचायच्या आधी आम्ही निर्दोष तुकड्याची फिल्म शेजारी लावून बघत असू. मी तर जन्मात दुसरा जबडा पाहिला नव्हता.

मग मी त्या मुलीच्या मागे लागलो. आधी बोर्ड: ठरावापेक्षा चार इंच लांब, म्हणून नोटीस. मग कॉम्प्रेसरचा आवाज. तो वर कुणालाच ऐकू येत नव्हता, तरी दोघांकडून मी तक्रारी लिहून घेतल्या. पाण्याची टाकी धुवायचं काम मी शनिवारी सकाळी ठेवायला लागलो, कारण तिच्याकडे तेव्हाच गर्दी असायची. नळाला पाणी नसेल तर दातांचा दवाखाना चालणार कसा? हे सगळं सुचताना मला छान वाटत होतं. इतकं मन लावून मी घरात कधी काही केलं नव्हतं.

सभेत मी तिची नक्कल केली. "पाईप नाय, मानूस हाय." सगळे हसले, चेअरमन सगळ्यांत मोठ्याने. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाळ्याच्या मालकाला मी बघतो. आपण ना-हरकत दिली नाही तर करार कसा वाढवतोय? तुम्ही फक्त नकाराच्या पत्रावर सही मारा." मी मारली. चेअरमनसाहेब, ते वाक्य तुमचं होतं. स्मरणिकेत दवाखाना 'स्वखुशीने' हलला असं छापलंत, ते खोटं आहे.

सामान टेम्पोत चढत असताना ती जिन्यापाशी बायकोला भेटली. "काकू, स्कॅन केलात?"

"करू," बायको म्हणाली. मी शेजारी उभा होतो.

पुढच्या वर्षी गॅलरीत कपडे वाळत घालताना बायको वळली आणि खाली बसल्यासारखी पडली. लादी कोरडी होती. खुबा मोडला. ऑपरेशननंतर सर्जनने विचारलं, "हाडं फारच ठिसूळ आहेत. आधी कुणी टेस्ट सांगितली नव्हती?"

मी म्हणालो, "नाही."

बायको शुद्धीवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर टोचायची वेळ तिची आली. रोज सकाळी वॉकरपर्यंत न्यायला मी हात दिला की विचारायची, "काय हो साहेब, आज माझा जोड पास की रिजेक्ट?" पाहुण्यांसमोरही विचारायची. त्यांना ती थट्टा वाटे. मी हसायचो, कारण दुसरं काही करायचा मला हक्क नव्हता.

एकदा मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "मला नको. मी तुम्हाला रोज टोचते, माझं भागतं त्यात. त्या पोरीला सांगून या."

तिचा नवा दवाखाना वाशीला होता. नंबर लावून बसलो. आत गेल्यावर तिने लगेच ओळखलं.

"या काका. काकू कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"तो स्कॅन केलात का हो शेवटी?"

"केला," मी म्हणालो. आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, "सगळं नॉर्मल आलं."

ती हसली. तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं. "चला, माझंच चुकलं म्हणायचं. उगाच घाबरवलं काकूंना. आणि तेव्हा तुम्हाला उलट बोलले, सॉरी हं काका."

मी ते सॉरी घेतलं. दात दाखवले आणि घरी आलो.

"सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"जाऊ द्या म्हणाली."

दुसऱ्या दिवसापासून बायकोने तो पास-रिजेक्टचा प्रश्न बंद केला. पुढे दीड वर्षाने ती गेली, मी माफी मागून आलो आहे असं समजून.

त्यानंतर मी तीनदा वाशीला गेलो. तिन्ही वेळा दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी उभा राहून परतलो. वर जाऊन काय म्हणायचं ते पाठ होतं, आजही आहे. डॉक्टर, काकूंचा खुबा मोडला. तुमचं बरोबर होतं. त्या दिवशी तुम्ही मला सॉरी म्हणालात, ते परत घ्या.