कोडीचा डाव

रास अल खोरच्या आमच्या गोदामात मालापेक्षा किस्से जास्त साठतात. मालावर निदान एक्स्पायरी डेट तरी असते! लग्न होऊन इथे आखातात, अल बर्शात आले आणि दोन महिन्यांत इथे डॉक्युमेंटेशनला लागले. मी फारशी बोलत नाही. नवरा विचारतो, "तू दिवसभर ऑफिसात करतेस तरी काय?" ऐकते. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक सगळं बोलतात. हे किस्से रोंडा मॅडमचे. खरं तर कोडीचे, आणि कोडीला आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही.

*

रोंडा मॅडम आमची मॅनेजर. अमेरिकेतली, ओक्लाहोमाची, चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी. तिच्या टेबलावर एका कोवळ्या सैनिकाचा फोटो. टोपी जरा तिरकी, हसू दाबलेलं.

पहिल्याच दिवशी फोर्कलिफ्टवाल्या दिनूनं मला बाजूला घेतलं. तो पाटणचा. "वहिनी, त्यो मॅडमचा नवरा. लय यंग हाय, पन आपन बोलायचं न्हाई."

फोरमन मुबीनभाई रत्नागिरीचे. त्यांचं मत वेगळं. "नवरा कसला? मुलगा तो."

तीन वर्षं दोघं आपापल्या समजुतीप्रमाणे आदर दाखवत होते. दिनू तर केबिनमध्ये शिरला की फोटोला सलाम ठोकायचा!

मी आठवड्याभरात सरळ विचारलं. "धाकटा भाऊ, कोडी," मॅडम म्हणाली. "युद्धात गेला. बावीसचा होता."

दिनूला सांगितलं, तर तो हातातली चावी फिरवत फोर्कलिफ्टकडे गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सलाम!

"आता सवय झाली, वहिनी. आन् नवऱ्यापेक्षा ह्यालाच जास्त लागू हाय."

*

एकदा मॅडमनं डबा आणला. मक्याचं पीठ, त्यात घेवड्याचे दाणे, मक्याच्याच पानात बांधून उकडलेलं. मुबीनभाईंनी पान सोडलं आणि खूश झाले. "अरे, ही तर आमची पानगी!"

दिनूनं घास घेतला. "मॅडम, नमक भूल गया!"

"उकडताना मीठ घातलं की ते फुटतं," मॅडम म्हणाली. "आजी मिठाला हात लावू द्यायची नाही. कोडी खिशात पुडी लपवून जेवायला बसायचा."

दिनूनं मान खाली घालून खिशातून लोणच्याची पुडी काढली.

मॅडम पाणी प्यायला उठून गेली. तिची भरलेली बाटली टेबलावरच होती.

*

हेड ऑफिसचे एक साहेब आले. फोटोसमोर थांबले, चेहरा गंभीर केला, म्हणाले, "ही वॉज अ हीरो."

मॅडम शांतपणे म्हणाली, "त्याला गाडी रिव्हर्स घेता यायची नाही."

साहेबांनी एसीची चौकशी केली.

बाहेर येऊन दिनू पुटपुटला, "मी शिकवली असती की! दोन दिसाचं काम."

*

माझा धाकटा भाऊ अमेय एकोणीस वर्षांचा. सैन्यभरतीसाठी रोज पहाटे पळतो आणि घामेजल्या चेहऱ्याचे व्हिडिओ पाठवतो. मी एक व्हिडिओ मोठ्या अभिमानानं मॅडमला दाखवला.

तिनं तो दोनदा पाहिला. मग फोन परत देत म्हणाली, "त्याला विचार, गाडी रिव्हर्स घेता येते का?"

संध्याकाळी मी विचारलं.

"ताई, माझ्याकडे सायकल आहे!" तो हसून हसून बेजार.

मला हसता आलं नाही.

*

हिवाळा सुरू झाला तशी मॅडमनं शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपल्यावर, गोदामामागच्या वाळूत पाच खड्डे खणायला लावले. दहा-बारा पावलांवर एकेक, काटकोनात. तिच्या लोकांचा जुना खेळ. बिलियर्डचे चेंडू हातानं टाकायचे, पाचही खड्डे घ्यायचे. दिनू ओरडला, "आयला, ह्या तर गोट्या!"

टीम पडल्या. पलीकडे मुबीनभाई आणि गोदामातले बाकीचे; आमच्या बाजूला मॅडम, दिनू, मी आणि कोडी. होय, कोडी! त्याचा टवका उडालेला लाल चेंडू ती रेषेवर ठेवायची. त्याचा डाव आला की हाक मारायची, "कोडी!" आणि थांबायची. सगळे थांबायचे. मग पुढचा डाव.

पण नियम असा, की टीममधल्या सगळ्यांचे खड्डे पुरे झाल्याशिवाय जिंकता येत नाही. म्हणजे आम्ही दर शुक्रवारी हरायचो. एकदा मी नुसती वाळू पुसायला तो चेंडू उचलला, तर मॅडम किंचाळली, "ठेव तो!" नंतर माफी मागितली. पण मी पुन्हा हात लावला नाही.

"मॅडम," दिनू शेवटी कुरकुरलाच, "हरायला मी पाटणहून आलो न्हाई!"

"मग त्यांच्या टीममध्ये जा," मी इंग्रजीत सांगितल्यावर ती म्हणाली.

दिनू गेला नाही.

*

मग मॅडमची बदली झाली. तिचा इथला शेवटचा शुक्रवार. दिनूनं तर चंगच बांधला होता. आम्हा तिघांचे खड्डे झाले. पलीकडे एकटे मुबीनभाई उरले होते, शेवटच्या खड्ड्यापासून वीतभर अंतरावर. नुसता चेंडू ढकलला की खलास!

त्याआधी मॅडमनं हाक मारली, "कोडी!" आणि थांबली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. लाल चेंडू रेषेवर तसाच.

मुबीनभाईंनी आपला चेंडू उचलून खिशात टाकला.

"धाकटा ना हा तिचा? मग लिंबूटिंबू. डावात हाय, पण आऊट नाय."

"काय म्हणतात ते?" मॅडमनं मला विचारलं.

मी सांगितलं, "आमच्याकडे धाकट्या भावंडाला खेळात घेतात. त्याचं चुकलेलं धरत नाहीत. आणि त्याला घरी जा म्हणता येत नाही."

ती वाकली, लाल चेंडू उचलला आणि दिनूच्या हातात ठेवला. "टाक."

दिनूनं हात पँटला पुसले. दोनदा पुसले. "उजव्या हातानं का?"

"डावखुरा होता तो."

दिनूनं डाव्या हातानं टाकला. चेंडू खड्डा सोडून, मुबीनभाईंना सोडून, थेट उभ्या ट्रेलरखाली गेला.

"अस्साच!" मॅडम रडत हसत होती. "नेहमी अस्साच टाकायचा!"

मुबीनभाई कमरेवर हात ठेवून वाकले, गुडघे टेकून ट्रेलरखाली शिरले आणि वाळूनं माखलेला चेंडू दिनूच्या हातात आणून दिला.

"लिंबूटिंबू हाय. परत टाकू दे त्याला."