वैशालीचा प्रोसेसर

"मॅडम, ताई गेली," वैशालीचा भाऊ फोनवर म्हणाला. "कुठे गेली?" मी विचारलं, आणि मग अर्थ कळला... आदल्या संध्याकाळी लॅबमधून निघताना तिने मला हात केला होता. घाटंजीला घरी पोचल्यावर डोकं दुखतं म्हणून ती आडवी झाली. मेंदूत रक्तस्राव. यवतमाळला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मी लॅबमध्ये उभी होते आणि समोर तिच्या संगणकावर तिचा प्रोग्रॅम चालूच होता.

यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघी शिकवायचो, शेजारी बसायचो. तिची पीएच.डी. चालू होती. कुणीच अजून न बनवलेला प्रोसेसर ती सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकाच्या आतच, उभा करायची आणि त्यावर प्रोग्रॅम चालवून बघायची. खऱ्या यंत्रावर क्षणात होणारं काम तिथे कित्येक दिवस चालायचं. "ही बैलगाडी उशिरा पोचते, पण रस्त्यातला एकेक खड्डा दाखवते," ती म्हणायची.

साधे प्रोग्रॅम सुरळीत चालत. एकाच प्रोग्रॅमचं काम चार थ्रेडमध्ये, म्हणजे चार तुकड्यांत वाटून, प्रोसेसरमधल्या चार कामकरी भागांवर, कोअरवर, एकाच वेळी चालवायला गेली, की सगळं ठप्प. पावसाळा गेला, दिवाळी गेली. गाईडनी विषय बदलायला सुचवलं. तिने मान हलवली आणि विषय बदलला नाही. एका दुपारी डबा खाताना तिचा घास हातातच राहिला. "चार थ्रेडले मी चार कोअर देल्ले न वं. पण त्यायले कामाले लावून वाट पाहत बसते तो मुख्य थ्रेड... त्याले कोअर कुठी हाय?" खऱ्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यांना आळीपाळीने कोअर देते, तिच्या सिम्युलेटरमध्ये ती सोयच नव्हती. तिने पाचवा कोअर जोडला आणि अडलेला प्रोग्रॅम पुढे सरकला. माझ्या डब्यातली जवसाची चटणी तिने ओढून घेतली आणि सगळी संपवली.

त्यानंतर लावलेला मोठा, शेवटचा प्रयोग तिच्यामागे चालत राहिला.

पुण्यानुमोदनाचा, तिच्या स्मरणाचा कार्यक्रम झाल्यावर तिची आई लॅबमध्ये आली. "तिनं बनवलेली मशीन पाहाची होती," त्या म्हणाल्या. मशीन कुठेच नाही, ती या संगणकाच्या आतच आहे, हे मी कसंबसं सांगितलं. स्क्रीनवर आकडे सरकत होते.

"हे कोन चालवून राह्यलं?"

"वैशालीनेच लावलंय, काकू."

"पोरगी नाही, तरी चालू हाय?"

त्यांनी संगणकाच्या डब्यावर तळवा ठेवला. "गरम हाय," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ हात काढला नाही.

पुढे एका सकाळी प्रयोग संपला. प्रोग्रॅमने काढलेलं उत्तर बरोबर होतं. मी गाईडना कळवलं. संगणक मी अजून बंद केलेला नाही. लॅब उघडली, की दिवा लावायच्या आधी माझा हात त्या डब्यावर जातो.