साथीचं सॉफ्टवेअर

ब्रह्मा घाटावर आमच्या शेजारी एक गवई काका राहतात. बोलतानाही मांडीवर ताल धरतात आणि सम आल्याशिवाय वाक्य संपवत नाहीत. त्यांचा तबलजी नदीपलीकडच्या रामनगरहून यायचा, तोही रोज उशिरा. शेवटी चिडून काकांनी तबल्याच्या साथीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि घरच्या कॉम्प्युटरवर माझ्याकडून बसवून घेतलं.

"आता कुणाची वाट बघणं नाही. छुट्टी!"

दुसऱ्या दिवशी गेलो, तर काका तानपुरा धरून गप्प बसलेले. कॉम्प्युटरसमोर गादी अंथरलेली, शेजारी पानाचा विडा.

"काका, सुरू करा ना."

"तबलजी यायचाय."

"आता तो कशाला?"

"मग बटण कोण दाबणार?" काका माझ्यावरच भडकले. "गवयानं कधी तबल्याला हात लावलाय?"