पेशींना थांबवणारं औषध

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाबाई म्हणत. बाटल्यांमध्ये बटाट्याची निरोगी रोपं वाढवायची ती प्रयोगशाळा. रोगट रोपाच्या शेंड्याचं अगदी टोक, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक, ती भिंगाखाली पात्याने कापून काढायची आणि चिमट्याने बाटलीतल्या जेलीवर ठेवायची. अख्ख्या रोपात विषाणू भिनला तरी त्या टोकातल्या पेशी इतक्या भराभर दुभागतात, की विषाणू बहुधा तिथवर पोचत नाही. त्या ठिपक्याएवढ्या तुकड्यातून पुढे नवं रोप उभं राही.

कामाला लागली तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तिला समजावून सांगितलं होतं. "रोपाची पेशी आधी आपल्या गुणसूत्रांची नक्कल करते. एकेक संच एकेका टोकाला जातो आणि मधे भिंत उभी राहते, एका घराची दोन बिऱ्हाडं व्हावीत तशी. प्राण्यांच्या पेशीला भिंत नसते, ती कमरेत आवळत जाते आणि तुटते. बॅक्टेरियाचा एवढा थाटच नाही. नक्कल केली, मधून फुटले, झाले दोन. पोषक जागा मिळाली तर अर्ध्या तासात परत तेच. म्हणून चिमटा दर वेळी आचेवर धरायचा. एकदा चुकलीस तर बाटली गेली."

ती कधी चुकली नव्हती.

तिच्या नवऱ्याचं सलून होतं. दुसऱ्यांच्या माना वाकवण्यात त्याची उमर गेली, पण स्वतःच्या मानेवरची गाठ हाताला लागली ती एक दिवस दाढी करताना. "सर्दीची असेल," म्हणून त्याने ती उडवून लावली. गाठ काही गेली नाही. शेवटी बायकोने पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे तपासणी झाली. लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला.

"शरीरातल्या पेशी गरजेपुरत्या दुभागतात," डॉक्टर म्हणाले. "जखम भरली की थांबतात. या पेशींना थांबणं ठाऊक नाही. औषध त्यांना अडवेल. पण केसांच्या मुळांशी, तोंडात, हाडांच्या मगजात चांगल्या पेशीही भराभर वाढत असतात. त्यांनाही फटका बसणार. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतील. तेव्हा ताप आला तर घरी बसायचं नाही, तडक इथे यायचं."

दिवसभर जे वाढावं म्हणून ती जिवाचं रान करायची, तेच घरी थांबावं म्हणून देव पाण्यात घालून बसायची.

औषध सुरू झालं आणि त्याचे केस गळले. सलूनमध्ये एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "मालक, हजामत कुणाकडून करून घेतली?"

"फुकटात झाली. वस्तरासुद्धा लागला नाही," तो म्हणाला. सगळे हसले. घरी आल्यावर मात्र त्याने टोपी कानांपर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवला नाही.

तिचं कामावरून चित्त उडालं. हात सवयीने चालत, मन घरी. आणि एका सकाळी मांडणीवरच्या बाटल्यांमध्ये देठांच्या बुडाशी बॅक्टेरियाची दुधाळ धूसर वलयं दिसली. एका बाटलीत नाही, अख्ख्या रांगेत.

ती स्वतःच मॅडमकडे गेली. "माझ्याकडून झालं. चिमटा आचेवर धरला की नाही, तेच मला आठवत नाही."

मॅडमनी एकेक बाटली उजेडात धरून पाहिली. "शेंडे पुन्हा काढावे लागतील. ज्यांवरून ते घेतले ती आईरोपं वाळायच्या आत. उद्या येशील?"

"येते."

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा नवरा पांघरुणात होता. "थंडी वाजते का?" तिने विचारलं. "पंख्याची हवा लागते. तू जा," तो म्हणाला. सोबतीला नणंद होती, म्हणून ती गेली.

निर्जंतुक खोलीत मोबाईल नेता येत नसे. दुपारी बाहेर येऊन कप्पा उघडला, तर नणंदेचे एकामागून एक फोन येऊन गेलेले.

"वहिनी, दादाला सकाळपासून ताप आहे गं! तुला सांगू नको म्हणाला, काम बुडेल म्हणे. आता बरळायला लागलाय."

सकाळपासून. तिच्या डोळ्यांसमोर ती दुधाळ वलयं आली. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि त्याच्या रक्तात अडवायला कुणी नाही. "रिक्षा बोलाव, त्याला घेऊन नीघ. मी थेट दवाखान्यात येते," एवढंच ती बोलू शकली.

पुढचे काही दिवस तो अतिदक्षता विभागात होता. रक्तात बॅक्टेरिया सापडले. शिरेतून प्रतिजैविकं चालू झाली. नणंद बाकावर रडत बसे, "माझंच चुकलं, मी ऐकायला नको होतं त्याचं," म्हणत. ती तिची समजूत घालायची, पण मनात राग होता. नणंदेवर, नवऱ्यावर, आणि सर्वांत जास्त पंख्याचं कारण खरं मानणाऱ्या स्वतःवर.

ताप उतरला. तो वाचला.

महिनाभराने डॉक्टरांनी मान चाचपून पाहिली. गाठ बरीच लहान झाली होती, पण गेली नव्हती. "पुढचा डोस द्यायला हवा. मधे खंड पडलाय, जास्त थांबणं बरं नाही."

तपासणीच्या खोलीबाहेर येऊन बाकावर बसताच नवरा म्हणाला, "मी नाही घेणार."

"का?"

"गाठीने मेलो असतो तेव्हा मेलो असतो. औषधाने तर परवाच चाललो होतो."

"ताप लपवलास म्हणून चालला होतास."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला भीती वाटते गं." इतक्या वर्षांच्या संसारात हे शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "घरी गेलो तरी वाटणारच. पण यापुढे अंग जरा कोमट लागलं तरी मला सांगायचं. मी कुठेही असले तरी."

"आणि तुझं काम?"

"मॅडमना सांगितलंय. फोन त्यांच्या टेबलावर राहील."

डोससाठी नर्सने त्याचं नाव पुकारलं. तो लगेच उठला नाही. तीही त्याला उठ म्हणाली नाही. नर्सने दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा त्याने टोपी काढून तिच्या हातात दिली आणि आत गेला.